समुद्राच्या तळाशी आपली माती

वैनगंगेच्या खोऱ्यातला माणूस समुद्राविषयी लिहायला बसला की लोक हसणारच. आमच्या सिंदेवाहीहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. इथल्या कित्येकांनी तो सिनेमातच पाहिलेला. मी स्वतः आयुष्यात दोनदा पाहिला, तोही सहलीची पोरे मोजता मोजता. पण गेल्या काही महिन्यांत जे वाचले त्यावरून माझी खात्री झाली आहे की आमच्या भागाचा फार जुना इतिहास समुद्राच्या तळाशी पडून आहे. आणि तो तिथे आम्हीच पाठवला आहे, दर पावसाळ्यात, गढूळ पाण्याबरोबर.

मी शिकवला इतिहास आणि भूगोल. बी.ए. झालो मराठी माध्यमातून. रसायनशास्त्राशी माझा संबंध मीठ आणि चुन्यापलीकडे गेला नाही. पण शहरात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने दोन इंग्रजी शोधनिबंध छापून आणून दिले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही नेहमी विचारता ना, पाऊस खरंच कमी झाला का? हे वाचा." शब्दकोश शेजारी ठेवून कित्येक दुपारी त्यावर बसलो. जे कळले ते माझ्या भाषेत सांगतो. विज्ञानवाल्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी वाट समजून घेऊ. सिंदेवाहीच्या परिसरातले पाणी उमा नदीतून वैनगंगेकडे जाते. वैनगंगा पुढे चपराळ्याजवळ वर्धेला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचासमोर, कालेश्वरला गोदावरीत शिरते. थोडे पुढे इंद्रावतीही येऊन मिळते. मग भद्राचलम, राजमहेंद्री, धवळेश्वरम आणि शेवटी बंगालचा उपसागर. आपण पुस्तकात शिकवतो की गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहते. ते खरेच आहे. पण तिच्या सव्वातीन लाख चौरस किलोमीटरांच्या आतबाहेरच्या खोऱ्यापैकी तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. नाशिकची गोदावरी आणि आमची गोदावरी अशा दोन नद्या एकाच नावाने समुद्राला मिळतात म्हटले तरी चालेल.

या दोन्हींची मातीही वेगळी. पश्चिमेकडची माती काळी, दख्खनच्या लाव्हारसातून थिजलेल्या बेसाल्ट खडकाची. तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्याकडचा बराचसा खडक मात्र ग्रॅनाइट, नाइससारखा, अब्जावधी वर्षांचा म्हातारा. आमच्या शेतकऱ्यांनी त्यावरच्या जमिनींना कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे दिली आहेत आणि कोणत्या जमिनीत कोणते धान लावायचे ते त्यावरून ठरवतात. हे नुसत्या डोळ्यांनी केलेले वर्गीकरण झाले. शास्त्रज्ञ हेच काम निओडिमियम नावाच्या मूलद्रव्यावरून करतात. या मूलद्रव्याचे अणू किंचित वेगवेगळ्या वजनाचे असतात. कोणते किती, हे प्रमाण खडकाच्या वयावर आणि जन्मावर ठरते, आणि खडकाची माती झाली, ती हजार किलोमीटर वाहून गेली, तरी ते प्रमाण फारसे बदलत नाही. समुद्राच्या तळाचा चिमूटभर चिखल प्रयोगशाळेत नेला की त्यात काळ्या दख्खनी मातीचा वाटा किती आणि आमच्याकडच्या जुन्या खडकाचा किती, याचा अंदाज येतो. मातीचे कुळ समुद्रात जाऊनही बुडत नाही.

समुद्राच्या तळाचा गाळ वाचायची ही विद्या तशी नवी नाही. इंग्रजांचे 'चॅलेंजर' जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरले आणि ठिकठिकाणचा तळाचा चिखल गोळा करून घेऊन आले. त्या चिखलात सूक्ष्म जिवांची कवचे खच्चून भरलेली आढळली. त्यातल्या एका मोठ्या गटाचे नाव फोरामिनिफेरा. एका पेशीचा प्राणी, आकार वाळूच्या कणाएवढा, आणि अंगावर चुन्याचे सुबक घर. जीव मरतो, घर तळाशी पडते, त्यावर गाळ बसतो, त्यावर पुढची घरे. ज्याला कोणी लिहिले नाही, असे बखरीचे एकेक पान एकावर एक रचले जाते.

ही बखर वाचायची किल्ली सापडली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. ऑक्सिजनचेही हलके आणि जड असे प्रकार असतात. पाण्याची वाफ होताना हलका आधी उडतो. त्यामुळे पावसाचे आणि नदीचे पाणी 'हलके' असते, समुद्राचे 'जड'. फोरामिनिफेराचे कवच त्याच पाण्यातून बनते, म्हणून पाण्याचे वजन आणि ऊब कवचात नोंदली जाते. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ साली ही कल्पना मांडली, चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली समुद्राच्या गाळावर ती वापरून दाखवली. पुढे १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी सिद्ध केले की हिमयुगे पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या संथ डुलण्याच्या तालावर येतात-जातात. मिलांकोविच नावाच्या सर्बियन गणितज्ञाने हे आधीच मांडून ठेवले होते, पण पुरावा मिळाला तो समुद्राच्या चिखलात. आणि तो चिखल काढला होता हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून!

आपल्याकडे हे काम मुख्यतः गोव्यात चालते. १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावला येथे आहे. तिथले डॉ. राजीव निगम यांनी फोरामिनिफेरावरून जुन्या पावसाचा माग काढण्यात आयुष्य घालवले. कारवारजवळ काळी नदी समुद्राला मिळते, तिथल्या गाळावरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडले की दुष्काळाचा एक फेरा सुमारे ७७ वर्षांनी येत असावा. असे फेरे फार पक्के धरून चालू नये, असे माझ्यासारख्या इतिहासवाल्याला वाटते. पण नदीच्या मुखाशी बसून नदीच्या खोऱ्यातला पाऊस मोजता येतो, ही युक्ती मात्र मनात ठसली.

आता मुद्द्यावर येतो. २००६ साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' नावाचे खोदकामाचे जहाज आपल्या सरकारच्या एका मोहिमेवर भारताच्या किनाऱ्यालगत फिरत होते. ते शोधत होते इंधन, म्हणजे समुद्रतळाखाली बर्फासारखा गोठलेला नैसर्गिक वायू. गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२६८ मीटर खोल पाण्यात, त्यांनी तळातून गाळाचा लांबलचक दंडगोल काढला. त्यातला वरचा साधारण साडेआठ मीटरांचा भाग म्हणजे गेली अकरा हजार वर्षे. हिशेब करा, वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही नाही. इंधनवाल्यांना नको असलेला हा वरचा चिखल कामिलो पाँटन, लिव्हियु जिओसान आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासायला घेतला. अमेरिकेच्या वुड्स होल येथील संस्थेचे हे लोक. सोबतीला काही भारतीय शास्त्रज्ञही होते. त्यांचा पहिला निबंध २०१२ साली आला, दुसरा २०१७ साली.

पहिल्या निबंधातली युक्ती मला फार आवडली. आपण 'अळवावरचे पाणी' म्हणतो. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणासारखा थर असतो. असा थर कमीअधिक प्रमाणात सगळ्याच झाडागवतांच्या पानांवर असतो. पान कुजते, पण हे मेण चिवट. ते मातीबरोबर वाहत समुद्रात जाते आणि तळाशी टिकून राहते. शिवाय त्या मेणातला कार्बन सांगतो की ते पान कोणत्या जातीचे होते. झाडे, वेली आणि आपले धान हवेतला कार्बन एका रीतीने घेतात. ज्वारी, मका आणि उष्ण कोरड्या माळावरची बहुतेक गवते दुसऱ्या रीतीने घेतात, कारण त्यांना कमी पाण्यात भागवायचे असते. दोन्ही रीतींत हलक्या-जड कार्बनचे प्रमाण वेगळे पडते. झाडीपट्टीतल्या वाचकाला सोपे करून सांगायचे तर, समुद्राच्या तळाचे मेण तपासले की खोऱ्यात भातखाऊ हवा होती की भाकरखाऊ, ते कळते!

त्या मेणाने काय सांगितले? अकरा-नऊ हजार वर्षांपूर्वी पावसाळा जोरदार होता. तेव्हा पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ येत असे, जमीन अधिक तापे आणि मान्सूनला जोर चढे. हळूहळू ती स्थिती बदलली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेची गवते वाढत गेली. ही वाढ सुमारे सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत चालू राहिली, आणि त्यानंतर कोरडेपणा मुक्कामालाच राहिला. फोरामिनिफेराच्या कवचांनी त्याला दुजोरा दिला: गेल्या तीन हजार वर्षांत, विशेषतः सतराशे वर्षांपूर्वीनंतर, उपसागराचे पाणी मधूनमधून फार खारट झाले. म्हणजे नदीचे गोडे पाणी कमी आले. एकदम कडेलोट नाही. एकामागून एक कोरड्या कालखंडांचे धक्के.

आमच्या गावातली म्हातारी माणसे म्हणतात, "पयले आठ-आठ दिवस झड लागे, आता का पानी येते?" त्यांची तक्रार साठ-सत्तर वर्षांची आहे. चिखलाची तक्रार चार हजार वर्षांची. दोन्ही एकच नव्हेत, आणि एकीचा पुरावा दुसरीला लावू नये. पण आपण ज्या हवेला 'पहिल्यापासूनची' समजतो ती पहिल्यापासूनची नाही, एवढे नक्की.

इतिहासाच्या मास्तराला इथे लगेच इनामगाव आठवते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचे हे गाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावे त्यात होती. तिथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. मोठी चौकोनी घरे, बार्ली पिकवणे, पाण्यासाठी पाट आणि बांध. नंतरच्या काळात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, घरे लहान आणि गोल झाली, जनावरांवर भिस्त वाढली, आणि शेवटी वस्ती उठली. डॉ. ढवळीकरांनी याचे कारण बिघडलेले हवामान असे मांडले होते. तेव्हा समुद्राच्या तळाची ही साक्ष उपलब्ध नव्हती. आज ती आहे, आणि ती त्यांच्या बाजूने झुकते.

पण झुकते एवढेच. कारण त्याच कोरड्या होत चाललेल्या काळात आमच्या विदर्भात वेगळे काही घडत होते. नागपूरजवळच्या माहुरझरीला आणि जुनापाणीला दगडांच्या वर्तुळाखाली पुरलेली माणसे, घोडे आणि लोखंडाची अवजारे मिळाली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे एकीकडे वस्ती उठते आहे आणि दुसरीकडे माणूस लोखंडी कुऱ्हाड घेऊन नवी जमीन मोकळी करतो आहे. निबंधाचे लेखकही म्हणतात की मध्य आणि दक्षिण भारतात स्थिर शेती पसरली ती याच कोरड्या होत जाणाऱ्या काळात.

आणखी जवळचे उदाहरण देतो. नागभीड तालुक्यातल्या देवटेक येथे एक शिळा मिळाली, ती पुढे नागपूरच्या संग्रहालयात गेली. तिच्यावर दोन लेख आहेत. एक मौर्यकाळाचा, प्राण्यांची धरपकड आणि हत्या यांस मनाई करणारा. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, धर्मस्थानाविषयी. महामहोपाध्याय मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. आता तारीख बघा. चिखल म्हणतो की सतराशे वर्षांपूर्वी कोरडेपणा ठाण मांडून बसला. सतराशे वर्षांपूर्वी म्हणजे इसवी सन तीनशेच्या आसपास. नेमक्या त्याच सुमाराला आमच्या शेजारी राजे दाने देत आहेत, धर्मस्थाने उभारत आहेत, आणि पुढच्या शतकात वाकाटकांचे राज्य वैभवाला चढते आहे. म्हणून पाऊस कमी झाला की राज्य बुडालेच, असे सरळ सूत्र मांडणाऱ्यांपासून जरा जपून असावे. हवामान प्रश्नपत्रिका काढते. उत्तर माणसे लिहितात, आणि सगळ्यांची उत्तरे सारखी नसतात.

दुसरा, २०१७ चा निबंध मात्र मला अस्वस्थ करून गेला. आम्ही वर्गात शिकवत आलो की पाऊस जास्त तर धूप जास्त. या गाळाने उलटे सांगितले. पावसाळा जोरदार होता तेव्हा समुद्रात गाळ कमी साचत होता. पावसाळा मंदावला तसा गाळाचा वेग वाढत गेला. कारण साधे आहे, पण सुचायला अवघड. चांगल्या पावसात जमीन झाडाझुडपांनी झाकलेली असते, मुळांनी धरलेली असते. पाऊस कमी झाला की आच्छादन विरळ होते. आणि आपला मान्सून कमी झाला तरी रिमझिम होत नाही, तो पडतो तेव्हा धो धो पडतो. उघड्या जमिनीवर चार झोडपणाऱ्या सरी पुरतात. त्यावर भर म्हणून माणसाने दख्खनच्या पठारावर शेती सुरू केली आणि लोहयुगात ती पसरवली. धूप आणखी वाढली. हे कशावरून? तर समुद्रात पोचणारा जमिनीवरचा कार्बन दिवसेंदिवस 'वयस्कर' होत गेला. म्हणजे यंदाचा पालापाचोळा नव्हे, तर शेकडो-हजारो वर्षे जमिनीत मुरलेली जुनी माती खणून निघत होती. ठेवीचे व्याज नाही, मुद्दलच वाहून जात होते. नदीमुखाजवळचा समुद्रतळ त्या काळात भराभर वाढला. समुद्राला जे मिळाले ते कोणाच्या तरी शेतातले होते.

आपल्या झाडीपट्टीतल्या जुन्या माणसांनी हा धडा निबंध न वाचता गिरवला होता, असे मला वाटते. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची पद्धत, ज्यावरून आमच्याकडे 'तुकूम' ही गावनावे आली, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे शेकडो जलाशय. या तलावांचे एक काम पाणी धरणे. दुसरे, तितकेच मोलाचे काम माती धरणे. वाहून निघालेली माती गावाच्या सीमेतच अडायची आणि उन्हाळ्यात गाडीबैलाने पुन्हा शेतात यायची. मुद्दल घरातच फिरत राहायचे.

आज काय चालले आहे? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ सालीच दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणजे चार झोडपणाऱ्या सरींचा प्रकार वाढलेला आहे. मग समुद्रात गाळ आणखी जात असणार? नाही! तो घटला आहे. हेमा मालिनी आणि नागेश्वर राव या आंध्रातल्या संशोधकांनी २००४ साली आकडे मांडले: गोदावरी १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ नेत होती, १९९० ते १९९८ मध्ये पावणेसहा कोटी टनांच्या आसपास. बाकीचा वर धरणांमध्ये अडला. गाळाचे खाद्य तुटल्यामुळे तिकडे त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी समुद्र खातो आहे, गावे मागे सरकत आहेत. म्हणजे आमच्या शेतातून माती जाते ती जाते. तिकडच्या कोळ्याला तिची जागा लागते तर त्यालाही ती मिळत नाही. मधे धरणाच्या पोटात ती बसून राहते आणि धरणातल्या पाण्याची जागा खाते. राज्य सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना काढली. नाव सरकारी थाटाचे असले तरी कल्पना आपल्या आज्या-पणज्यांचीच आहे.

धरणे नकोत असे मी म्हणत नाही. धानाला शेवटचे पाणी मिळाले नाही तर काय होते ते मी लहानपणापासून पाहिले आहे. पण माती ही पाण्याइतकीच मोजून वापरायची वस्तू आहे, हे आपल्या हिशेबात अजून आलेले नाही. पाणलोटातले जंगल म्हणजे वाघाचे घर किंवा लाकडाचे कोठार एवढेच नव्हे. ते त्या चार सरींपुढे धरलेले छप्पर आहे. ते विरळ झाले की काय होते याचा प्रयोग एकदा करून झालेला आहे, तीन-साडेतीन हजार वर्षे चाललेला, आणि त्याची नोंदवही १,२६८ मीटर खोल पाण्याखाली ठेवलेली आहे.

जाता जाता एक. ज्या जहाजाने तो गाळ काढला, त्या 'जॉइडिस रिझोल्यूशन'ची खोदकामाची सेवा २०२४ साली संपली. पण त्याने काढलेले गाळाचे दंडगोल शीतगृहांत जपून ठेवलेले आहेत. कोणी नवा प्रश्न घेऊन गेले तर तीच माती नवे उत्तर देईल.

आपल्याकडचे दंडगोल मात्र शीतगृहात नाहीत, ते तलावात आहेत. येत्या उन्हाळ्यात तुमच्या गावचा मामा तलाव उपसायला काढतील, तेव्हा ट्रॅक्टर भरण्याआधी खड्ड्याची कड एकदा निरखून बघा. जाड थर कोणते, बारीक कोणते, काळा कुठे, तांबूस कुठे. कोणाला दोन-तीन पिढ्यांचे पूर आणि दुष्काळ आठवत असतील तर ते थरांशी ताडून बघा, आणि मला जरूर कळवा. मी वही काढून ठेवली आहे.